धोका ज्याच्या हाती, काळजी त्याच्या माथी

१४.० प्रस्तावना

'चुकून झाले', 'मी मुद्दाम थोडेच केले?' ही वाक्ये आपण नेहमी ऐकतो आणि प्रसंगी उच्चारतोही. हातातून कप पडून फुटला, दूध उतू गेले, तर एवढ्या बोलण्यावर विषय मिटतो. परंतु रस्त्यात खोदलेला खड्डा रात्री तसाच उघडा राहिला आणि त्यात पडून एखाद्याचा पाय मोडला, तर? किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलेले कापड रुग्णाच्या पोटातच राहून गेले, तर? तेथेही कोणाचा हेतू वाईट नसतो. तरीही 'चुकून झाले' एवढे उत्तर तेथे पुरत नाही. एखाद्याचे आयुष्य मोडते, एखाद्या घराचा आधार जातो, आणि त्या नुकसानीचा भार कोणी वाहायचा हा प्रश्न उभा राहतो.

कायद्याने या प्रश्नाचा शांतपणे आणि बारकाईने विचार केला आहे. त्या विचाराच्या केंद्रस्थानी दोन शब्द आहेत : 'दक्षतेचे कर्तव्य' आणि 'हयगय'. हे शब्द केवळ वकिलांचे नाहीत. वाहन चालवणारा, दुकान मांडणारा, घर बांधणारा, मुले सांभाळणारा असा प्रत्येक जण त्यांच्याशी बांधलेला आहे. या पाठात आपण काही खऱ्या खटल्यांच्या आधारे त्यांचा अर्थ समजून घेणार आहोत.

१४.१ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• 'दक्षतेचे कर्तव्य' आणि 'हयगय' या संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करू शकाल;
• हयगय सिद्ध होण्यासाठी कोणत्या चार गोष्टी लागतात ते सांगू शकाल;
• नुकसानभरपाई आणि शिक्षा यांतील फरक ओळखू शकाल;
• अपघातग्रस्त व्यक्तीने वा तिच्या कुटुंबाने काय करावे, याची माहिती देऊ शकाल;
• कायदेविषयक मराठी शब्दांचा योग्य वापर करू शकाल.

१४.२ मूळ पाठ

(अ) पावसाळी रात्रीची एक घटना

नर्मदेच्या काठी वसलेले जबलपूर हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे ते न्यायदानाचे नगर म्हणूनही ओळखले जाते. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि त्याचे उच्च न्यायालयही नागपुरातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. याच शहरातील रामपूर भागात, शक्तिभवनात, मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय होते. राज्यातील खेड्यापाड्यांपर्यंत वीज नेण्याचे काम या मंडळाकडे सोपवलेले होते. आता त्या मंडळाच्या जागी वेगवेगळ्या वीज कंपन्या आल्या आहेत; परंतु त्याच्या नावाशी जोडलेला एक निकाल आजही देशभरातील न्यायालयांत आधार म्हणून सांगितला जातो.

२३ ऑगस्ट १९९७ ची रात्र. एक कारखान्यातील कामगार काम संपवून सायकलवरून घरी निघाला होता. वय अवघे सदतीस. पाऊस पडून गेल्याने रस्त्यावर ठिकठिकाणी पाणी साचले होते. त्या पाण्यात एक तार तुटून पडली होती आणि तिच्यातून वीज वाहत होती. अंधारात आणि पाण्यात ती दिसणार तरी कशी? सायकल तारेवरून गेली, तारेने त्याला ओढून घेतले आणि काही क्षणांत त्याचा मृत्यू झाला. घरी त्याची पत्नी आणि अजाण मुलगा होता.

पत्नीने भरपाई मागितली. मंडळाने ती देण्यास नकार दिला. मंडळाचे म्हणणे असे की, ही तार आमची नव्हतीच. एका माणसाने मुख्य वाहिनीवर आकडा टाकून वीज चोरली होती. त्याने ओढलेली तार सुटून रस्त्यावर पडली. चोरी त्याची, तार त्याची. मग मृत्यूची जबाबदारी आमची कशी?

वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. चोराच्या कृत्याबद्दल ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच दंड करावा, असे कोण म्हणेल? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २००२ मध्ये त्याचा निकाल लागला.

न्यायालयाने मंडळाचे म्हणणे फेटाळले. त्यामागील विचार थोडक्यात असा : वीज ही मुळातच धोकादायक वस्तू आहे. त्या भागात वीज पुरवण्याचे काम कायद्याने मंडळाला दिले आहे. जो अशी वस्तू हाताळतो, त्याने ती आपल्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून इतरांपेक्षा अधिक दक्षता घेतली पाहिजे. कोणी वीज चोरत असेल, तर ती चोरी थांबवण्याची साधने बसवणे हे पुरवठा करणाऱ्याचेच काम आहे. आणि काही झाले तरी, तुटलेली तार सार्वजनिक रस्त्यावर पडताच तिच्यातील प्रवाह आपोआप बंद व्हायला हवा होता. तशी व्यवस्था नसेल, तर रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाने त्याची किंमत आपल्या प्राणांनी का मोजावी?

त्या विधवेच्या बाजूने झालेला ४ लाख ३४ हजार रुपयांच्या भरपाईचा निर्णय कायम राहिला. गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही, हे न्यायालयही जाणते. पण नुकसानीचा भार सायकलस्वाराच्या पत्नीने वाहायचा की वीज वाहून नेणाऱ्या संस्थेने, या प्रश्नाचे उत्तर त्या रकमेतून मिळाले.

(आ) शेजारी कोणाला म्हणावे?

ज्याच्याशी आपला कोणताही करार नाही, ज्याला आपण ओळखतही नाही, अशा माणसाची काळजी घेणे हे आपले कायदेशीर कर्तव्य कसे ठरते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जगभरातील विधिज्ञ स्कॉटलंडमधील एका खटल्याकडे वळतात.

ऑगस्ट १९२८ मध्ये पेस्ली या गावातील एका उपाहारगृहात एका बाईसाठी तिच्या मैत्रिणीने आल्याच्या पेयाची बाटली मागवली. बाटली गडद रंगाच्या काचेची होती. आतले काही दिसत नव्हते. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ग्लासात ओतले, तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्या बाईची तक्रार होती. ती आजारी पडली. पण तिने दाद मागायची कोणाकडे? पैसे तिने दिले नव्हते, म्हणून दुकानदाराशी तिचा करार नव्हता. आणि पेय तयार करणाऱ्या कारखानदाराला तर तिने कधी पाहिलेही नव्हते.

१९३२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की, करार नसला तरी कारखानदाराचे त्या बाईप्रति दक्षतेचे कर्तव्य होते. लॉर्ड ॲटकिन या न्यायमूर्तींनी त्यासाठी 'शेजारी' या शब्दाचा आधार घेतला. कायद्याच्या दृष्टीने शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडे राहणारा नव्हे. आपल्या कृतीचा वा निष्क्रियतेचा ज्याच्यावर थेट परिणाम होईल हे आपल्याला आधीच कळू शकते, तो आपला शेजारी. 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे.

या कसोटीवर पाहिले, तर ओली तार ज्या रस्त्यावर पडली त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक पादचारी आणि सायकलस्वार हा वीज मंडळाचा शेजारी होता. रस्त्यावर माणसे चालणार, हे कळण्यासाठी त्यांची नावे ठाऊक असण्याची गरज नव्हती.

(इ) हयगयीचे चार दुवे

एखाद्याचे नुकसान झाले म्हणजे कोणाची तरी हयगय झालीच, असे कायदा मानत नाही. निव्वळ दुर्दैवानेही अपघात होतात. म्हणून भरपाई मागणाऱ्याला, म्हणजे वादीला, साखळीच्या दुव्यांप्रमाणे जोडलेल्या चार गोष्टी दाखवाव्या लागतात.

पहिला दुवा म्हणजे कर्तव्य. प्रतिवादीवर वादीच्या बाबतीत दक्षता घेण्याचे कर्तव्य होते काय?

दुसरा दुवा म्हणजे कर्तव्यभंग. एखाद्या सुज्ञ, सर्वसाधारण माणसाने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती, तेवढी प्रतिवादीने घेतली काय? येथे कायदा देवदुर्लभ सावधगिरीची अपेक्षा करीत नाही. पण 'मला सुचलेच नाही' ही सबबही स्वीकारीत नाही.

तिसरा दुवा म्हणजे कारणसंबंध. झालेले नुकसान त्या कर्तव्यभंगामुळेच झाले काय? वाहनाचा दिवा बंद होता हे खरे. पण अपघात भर दुपारी झाला असेल, तर त्या बंद दिव्याचा अपघाताशी संबंध उरत नाही.

चौथा दुवा म्हणजे नुकसान. शरीराला इजा, मालमत्तेची हानी, कमाईची हानी किंवा मृत्यू असे काही प्रत्यक्षात घडले काय? नुसती निष्काळजी वृत्ती कितीही संतापजनक असली, तरी नुकसान झाल्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहत नाही.

यांतील एक दुवा तुटला तरी साखळी तुटते.

(ई) काळजीचे माप

दक्षतेचे कर्तव्य सर्वांवर असले, तरी त्याचे माप सर्वांना सारखे नसते. ज्याच्या हाती अधिक धोका वा अधिक कौशल्य, त्याच्याकडून अधिक काळजीची अपेक्षा, असे हे माप आहे.

प्रथम रोजच्या प्रवासातले उदाहरण घेऊ. मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यात, राज्य परिवहनाच्या बसमधील एक स्त्री खिडकीच्या कडेवर कोपर टेकून बसली होती. समोरून येणारा ट्रक बसला इतका खेटून गेला की तिच्या कोपराला गंभीर इजा झाली. 'तिने हात आत ठेवायला हवा होता, चूक तिचीच', असा बचाव करण्यात आला. जखमी व्यक्तीचाही दोष असेल, तर त्याला कायद्यात 'अंशदायी हयगय' म्हणतात आणि त्या प्रमाणात भरपाई कमी होते. परंतु १९७४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या या निकालात न्यायालयाने तो बचाव मानला नाही. लांबच्या प्रवासात प्रवासी खिडकीवर हात टेकतात, ही सर्वांच्या पाहण्यातली सवय आहे. चालकांना ती ठाऊक असते. म्हणूनच दोन वाहनांमध्ये पुरेसे अंतर राखणे हे दोन्ही चालकांचे कर्तव्य आहे. माणसे कशी वागायला हवीत एवढाच विचार करून भागत नाही. ती प्रत्यक्षात कशी वागतात हे लक्षात घेऊन काळजी घ्यावी लागते.

आता कौशल्य अंगी असलेल्या माणसाचे उदाहरण पाहू. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने दूरवर पुण्याला नेण्यात आले. तेथील डॉक्टरांनी पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवल्याचा आरोप होता. त्याच संध्याकाळी तरुणाची प्रकृती ढासळली आणि तो दगावला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६८ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धचा ३,००० रुपयांच्या भरपाईचा निर्णय कायम केला आणि डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्णावर उपचार करण्याचे काम स्वीकारावे की नाही हे ठरवताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी घेणे आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणे. रोगी बराच होईल अशी हमी डॉक्टरकडून कोणी मागत नाही. त्या व्यवसायातील सक्षम माणूस दाखवील तेवढे कौशल्य आणि काळजी मात्र मागितली जाते.

सर्वांत वरच्या पायरीवर येतात धोकादायक वस्तू बाळगणारे. विजेच्या तारेचा खटला याच पायरीवरचा आहे. तेथे न्यायालय हयगयीच्याही पुढे गेले. अशी वस्तू बाळगणाऱ्याने शक्य ती सर्व काळजी घेतली असली, तरी तिच्यामुळे झालेल्या हानीची भरपाई त्याने दिली पाहिजे, या तत्त्वाला 'कठोर दायित्व' म्हणतात. १८६८ मध्ये इंग्लंडमधील एका जलाशयाच्या खटल्यात ते प्रस्थापित झाले. त्यामुळे सायकलस्वाराच्या पत्नीला मंडळाच्या कोणत्या कर्मचाऱ्याने नेमकी काय चूक केली हे शोधत बसावे लागले नाही.

(उ) घटनाच बोलते तेव्हा

एरवी हयगय सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत बेशुद्ध पडलेल्या रुग्णाने पुरावा कोठून आणावा?

१९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. काही दिवसांतच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिला ताप आणि वेदना सुरू झाल्या. पुन्हा पोट उघडले, तेव्हा आत शस्त्रक्रियेचे कापड राहिलेले आढळले. २४ जुलै रोजी ती मरण पावली. पतीने आणि मुलांनी राज्य शासनावर दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयात तो निकाल फिरला. शेवटी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायालयाचा निर्णय पुन्हा उभा केला.

कापड आपोआप पोटात जात नाही. कोणी काळजी घेतली असती, तर ते आत राहिले नसते. अशा वेळी 'घटनाच स्वतः बोलते' हे तत्त्व लागू होते आणि खुलासा देण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते. रुग्णालय शासनाचे, कर्मचारी शासनाचे. म्हणून भरपाईची जबाबदारीही शासनाची. नोकराने काम करताना केलेल्या हयगयीबद्दल मालकाने उत्तर द्यायचे, याला 'प्रातिनिधिक दायित्व' म्हणतात.

या खटल्यात दुःखाची आणखी एक बाजू आहे. आईचा मृत्यू १९६३ चा आणि अखेरचा निकाल १९९६ चा. तेहतीस वर्षांत तान्हे मूल संसारी माणूस होते. न्याय मिळाला, पण त्याची वाट फार लांब होती. म्हणून हक्क माहीत असणे, तो वेळेवर मागणे आणि त्यासाठी मदत कोठे मिळते हे जाणणे महत्त्वाचे ठरते.

(ऊ) भरपाई आणि शिक्षा

एकाच घटनेतून दोन प्रकारची प्रकरणे उद्भवू शकतात. दिवाणी प्रकरणात नुकसान सोसणाऱ्याला भरपाई मिळते. फौजदारी प्रकरणात राज्य गुन्हेगाराला शिक्षा करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार बेदरकारपणे वा हयगयीने मृत्यूस कारण झाल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. नोंदणीकृत डॉक्टराच्या हातून उपचार करताना असे घडल्यास कारावासाची मर्यादा २ वर्षे आहे. मात्र शिक्षेसाठी लागणारी हयगय मोठी आणि ढळढळीत असावी लागते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात हे स्पष्ट केले. त्यामुळे फौजदारी खटल्यात निर्दोष सुटका झाली, म्हणजे भरपाईचा मार्ग बंद झाला असे नव्हे.

(ए) दाद कोठे मागावी?

कमावता माणूस हयगयीमुळे दगावल्यास त्याचे पती वा पत्नी, आई-वडील आणि मुले यांच्या वतीने भरपाई मागता येते. त्यासाठी १८५५ पासून प्राणांतिक अपघात अधिनियम अस्तित्वात आहे. मोटार अपघाताचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. पैसे देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवेलाही ग्राहक कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. प्रत्येक मार्गाला मुदत असते. उदाहरणार्थ, ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. म्हणून दुःखाचा पहिला भर ओसरताच कागदपत्रांकडे पाहावे : पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, औषधोपचाराच्या चिठ्ठ्या, पावत्या, छायाचित्रे, साक्षीदारांची नावे आणि कमाईचा पुरावा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये, यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळते. मध्य प्रदेशच्या राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जबलपुरातच आहे; प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी जिल्हा प्राधिकरण असते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे.

भरपाई ही अपघातानंतरची गोष्ट झाली. दक्षता ही अपघातापूर्वीची. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपुरातील एका खासगी रुग्णालयाला आग लागून ८ जणांचा बळी गेला. अशा घटना आठवल्या की कायद्याचा खरा हेतू कळतो. न्यायालयाने लोकांना पैसे देत राहावे हा तो हेतू नव्हे. प्रत्येकाने आपल्या हातातील धोका ओळखून तो वेळीच आवरावा, हा आहे. उघड्या विहिरीला कठडा घालणारा शेतकरी, खड्ड्याभोवती दिवा लावणारा मुकादम, लोंबणारी तार दिसताच वीज कार्यालयाला कळवणारी गृहिणी, हे सारे कायद्याचे पुस्तक न उघडताही कायदा पाळत असतात.

१४.३ शब्दार्थ

हयगय – घ्यायला हवी ती काळजी न घेणे
दक्षता – सावधपणा
अपकृत्य – ज्याबद्दल भरपाई मागता येते असे दिवाणी स्वरूपाचे चुकीचे कृत्य
वादी – दावा लावणारा. प्रतिवादी – ज्याच्यावर दावा लावला तो
दायित्व – जबाबदारी
सबब – कारण, निमित्त
बिनतोड – ज्याला उत्तर नाही असा
बेदरकारपणे – परिणामांची पर्वा न करता
पंचनामा – पंचांसमक्ष केलेली घटनास्थळाची लेखी नोंद

१४.४ पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(क) मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय ............ येथे होते.
(ख) नोकराच्या हयगयीबद्दल मालकाने उत्तर देणे म्हणजे ............ दायित्व.
(ग) जखमी व्यक्तीच्याही दोषाला ............ हयगय म्हणतात.

२. चूक की बरोबर ते लिहा.
(क) वाईट हेतू असल्याशिवाय हयगय सिद्ध होत नाही.
(ख) नुकसान झाले नाही, तर हयगयीबद्दल भरपाईचा दावा उभा राहत नाही.
(ग) डॉक्टरने रोगी बरा होण्याची हमी दिलीच पाहिजे.

१४.५ भाषा अभ्यास

१. 'निः + काळजी = निष्काळजी' हा शब्द पाहा. उपसर्गातील विसर्गाचा येथे 'ष्' झाला आहे. याच प्रकारे पुढील शब्द फोडून लिहा : निष्कारण, निष्पाप, निष्फळ.

२. मराठीच्या न्यायालयीन भाषेत अरबी-फारसीतून आलेले वकील, दावा, फिर्याद, जामीन हे शब्द आहेत, तसेच संस्कृतातून आलेले वादी, न्यायाधीश, कर्तव्य हेही आहेत. पाठातून दोन्ही प्रकारचे आणखी शब्द शोधा.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कानाडोळा करणे, दाद मागणे, किंमत मोजणे, भार वाहणे.

१४.६ तुम्ही काय शिकलात?

• ज्यांच्यावर आपल्या कृतीचा परिणाम होईल हे आधी कळू शकते, त्यांच्याप्रति आपले दक्षतेचे कर्तव्य असते.
• कर्तव्य, कर्तव्यभंग, कारणसंबंध आणि नुकसान या चार दुव्यांनी हयगय सिद्ध होते.
• धोका आणि कौशल्य जेवढे अधिक, तेवढे काळजीचे माप मोठे.
• भरपाई आणि शिक्षा हे वेगळे मार्ग आहेत. गरजूंना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते.

१४.७ पाठान्त प्रश्न

१. विद्युत मंडळाचा 'तार आमची नव्हती' हा बचाव न्यायालयाने का नाकारला? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'शेजारी' या शब्दाचा कायद्यातील अर्थ तुमच्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३. हयगय आणि निव्वळ दुर्दैव यांत फरक कसा कराल?
४. तुमच्या वस्तीत लोंबणारी तार, उघडे गटार किंवा मोडका कठडा असल्यास संबंधित कार्यालयास त्याबद्दल तक्रारअर्ज लिहा.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (क) जबलपूर (ख) प्रातिनिधिक (ग) अंशदायी
२. (क) चूक (ख) बरोबर (ग) चूक